मोरीचं कातडं

१६ मे १९६५. रतांब्यांचं काम होतं. परड्यातले रतांबे आदल्या दिवशी उतरवले होते आणि पावसाच्या आत आमसुलं वाळायला हवी होती. मी मागल्या पडवीत विळीवर बसून रतांबे चिरत होते. गर पातेल्यात, साली सुपात. हात मनगटापर्यंत लाल झाले होते. घरातले पुरुष देवळात गेले होते. धाकट्या दिराने आज समुद्रात मोरींच्या, म्हणजे शार्क माशांच्या मधे उतरावं की नाही, याचा कौल लावायला.

हे कसं ठरलं ते सांगते.

दीर मुंबईला गोदीत होता. बोटीचे तळ तपासायला, पाण्यात पडलेलं सामान काढायला गोदीत पाणबुडे असतात. पाठीला हवेचं नळकांडं बांधतात, तोंडात नळी धरतात, डोळ्यांवर काच लावतात आणि खाली जातात. आमचा दीर त्यांतलाच, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. सुटीत आला की ओटीवर बसून गजाली सांगायचा. शार्क कसा अंगावरून जातो, त्याच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, घाबरलास की संपलास. आमचे यजमान मान डोलवायचे. मी चहा घेऊन यायची आणि दाराशी उभी राहून ऐकायची. मग त्याच गजाली मी विहिरीवर सांगायची, हळदीकुंकवाला सांगायची. त्याने एक शार्क सांगितला असेल तर माझ्याकडे दोन व्हायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीतला पोर होता. त्याचं कौतुक मी नाही करायचं तर कुणी?

त्या मे महिन्यात तो येताना एक नळकांडं आणि दोन काचा घेऊनच आला. गोदीतल्या मित्राच्या, म्हणाला. सगळ्या गावाने ते नळकांडं वाजवून पाहिलं.

त्याच वेळी त्याच्या लग्नाचं चाललं होतं. मुलगी वेंगुर्ल्याची, मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिकवणारी. सुटीत आमच्या शेजारी मामाकडे आली होती. वडीलही शिक्षक. ते पसंतीचं पक्कं करायला आले आणि आमच्या ओटीवर बसून म्हणाले, "मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे. पण शार्क माशांत उतरणारा माणूस म्हटल्यावर बापाला काळजी वाटणारच. एकदा डोळ्यांनी पाहिलं असतं म्हणजे धीर आला असता."

मुलीचा मामा म्हणजे आमचा शेजारी, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "शार्क म्हणजे आमची मोरीच मां? ती आमी ताटात बघतंव. पाण्यात बघल्यार तरी कळात, कोण कोणाक खाता!"

सगळे हसले. दीर म्हणाला, "पाणी गढूळ आसा हल्ली." मामा म्हणाला, "काल तर तळ दिसत होतो." दीर म्हणाला, "हवा जेमतेम आसा नळकांड्यात." मामा म्हणाला, "मगे जेमतेमच उतर. आमका काय रात काढूची नाय थय."

यजमानांना हे झोंबलं. ते देवळातले मानकरी. आमच्या घरात विहीर खणायची तर कौल, म्हैस विकायची तर कौल. ते म्हणाले, "उद्या सकाळी देवाक विचारूया. देव हो म्हणालो तर उतरतलो."

म्हणून ती सकाळ.

कौल कसा लावतात ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. गुरव देवाच्या पाषाणावर उजवी-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा देव हो म्हणाला की विषय संपला. मग माघार घेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं.

सूप अर्धं भरलं असेल, तेवढ्यात दीर एकटाच परत आला. माझ्यासमोर बसला, एक रतांबा उचलला आणि सुरीने चिरू लागला. जन्मात त्याने रतांब्याला हात लावला नव्हता.

"उजवो दिल्यान देवान," तो म्हणाला.

"बरा झाला. मगे तोंड असा कित्याक?"

"वयनी, मी पाण्याखाली कधी गेलंयच नाय."

मी विळी आडवी केली.

"म्हणजे?"

"मी वर आसतंय. नळकांड्यात हवा भरतंय, पट्टे बांधतंय, दोरी धरून बसतंय. उतरतत ते दुसरे."

"आणि शार्क?"

"ते वर येवन सांगतत. मी आयकतंय."

"मगे जा आणि सांग सगळ्यांक. आत्ताच."

"आता कसा सांगू? देवान उजवो दिलो."

"देवाक काय विचारलास ता सांग माका."

त्याने मान खाली घालून सांगितलं. यजमानांनी गाऱ्हाणं घातलं होतं: बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू मुंबैक दर्याच्या पोटात उतरता, मोरयेंच्या वांगडा फिरता. आज ह्या पावण्यांसमोर हयच्या पाण्यात उतरूचो आसा. तुझी राजीखुशी आसात तर उजवो दी रे म्हाराजा! आणि सगळे एका आवाजात ओरडले होते: व्हय म्हाराजा! सगळ्यांत मोठा आवाज मामाचा.

देवाला सगळं विचारलं होतं. ह्याला हे काम येतं का, हे ना देवाला विचारलं, ना त्याला.

मला आधी संताप आला, मग लाज वाटली. विहिरीवरच्या बायकांची तोंडं एकेक डोळ्यांसमोर आली. त्या आ वासून ऐकायच्या, आणि मी घागर कमरेवर ठेवून आणखी एक शार्क सोडून द्यायची.

"दादाक सांगू नकात," तो म्हणाला. "गावात तोंड दाखवूक जागा रवाची नाय त्येका."

मी रतांबे बाजूला सारले आणि विचार केला तो असा. पोहायला त्याला येतं, समुद्राकाठचाच आहे. नळकांडं कसं बांधायचं, हवा कशी सोडायची, वर येताना श्वास कोंडायचा नाही, हे सगळं तो रोज दुसऱ्यांना करून देतो. खडपापाशी, किनाऱ्याजवळच्या त्या खडकांपाशी, पाणी दोन पुरुष खोल. मोरी तिथे असतात, पण त्या लहान. कोळी लोक तिथेच मासे धुतात, घाण टाकतात, म्हणून येतात. माणसाला धरल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. दोरी बांधून खाली जायचं, थोडा वेळ थांबायचं, वर यायचं. एकदा गेला म्हणजे पुढे खोटं राहणार नाही. पाणबुडा म्हटलं तर पाणबुडा.

मोडलेल्या कपाला फुंकर घालून सांधा बसत नाही, हे मला कळायला हवं होतं. त्या वेळी मात्र मार्ग काढल्याचं समाधानच वाटलं.

"दोरी कोण धरतलो?" मी विचारलं.

"तुमी आसशात तर मी उतरतंय," तो म्हणाला. "नायतर नाय."

दुपार कलल्यावर सगळे किनाऱ्यावर जमले. मुलीचे वडील छत्री धरून वाळूत उभे. मामा माडाच्या बुंध्यावर बसलेला. मुलगी मामीच्या आड, पण नजर थेट पाण्याकडे. होडीवाल्याने मला होडीत चढायला पाय उचलताना बघितलं आणि वल्हं आडवं धरलं.

"बायलमाणूस होडयेत?"

"वयनी दोरी धरतली," दीर म्हणाला.

"ह्येचो कौल लावलास काय?"

"तू वल्हव रे," मी म्हटलं आणि नऊवारीचा कासोटा घट्ट करून आत बसले.

खडपाच्या आतल्या अंगाला त्याने नांगर टाकला. पाणी निवळ होतं. दिराला स्वतःचे पट्टे जमेनात; ते मीच ओढून बांधले. बैलाला जोत बांधतात तसे. कमरेला दोरी. त्याने नळी तोंडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि मागच्या मागे पाण्यात पडला. काठावरून "व्हय म्हाराजा" ऐकू आलं.

दोरी सैल सोडत होते. बुडबुडे वर येत होते. दुसरी काच होडीत पडली होती. मी ती चेहऱ्याला लावली, होडीच्या कडेवर ओणवी झाले आणि तोंड पाण्यात घातलं. माझं माहेर समुद्रकाठच्या कुणकेश्वरचं. पाण्यात तोंड घालायला मला कधी भीती वाटली नाही.

आधी नुसता उजेड दिसला. मग खाली वाळू, तिच्यावर लाटांनी ओढलेल्या रेघा. नांगराचा दोर तिरका गेलेला आणि त्याच्या शेवटाला आमचा दीर. दोन्ही हातांनी नांगर कवटाळून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. तान्हं पोर आईच्या पायाला धरतं तसा. बुडबुडे भसाभस सुटत होते.

आणि मग मोरी आल्या.

मोरी मला माहीत होती ती कापलेली. तिरफळं घालून, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिचा रस देतात, तेवढंच. जिवंत मोरी मी पहिल्यांदा पाहिली. खडपाच्या सावलीतून एक निघाली, मग दुसरी, मग आणखी दोन-तीन. हातभर लांब असतील असं मी समजत होते. एक चांगली माझ्या उंचीची होती. वरून वाळूच्या रंगाच्या, परांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. पोहण्याची धडपड कुठे नाही. शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि बाकीचं अंग आपोआप मागे येतं. डोळा उघडाच. दिराभोवती त्यांनी फेरा घातला, एक त्याच्या खांद्याजवळून गेली, इतकी जवळून की त्याच्या बुडबुड्यांतून गेली. तिला त्याची काही पडलेली नव्हती. माझ्या आयुष्यात मी इतकं नीटनेटकं काही बघितलं नव्हतं.

दीर ते बघत नव्हता. काचेच्या आत त्याचे डोळे गच्च मिटलेले होते. मोठी मोरी अगदी समोर आली तेव्हा मला ते स्वच्छ दिसले.

"दिसता काय?" होडीवाल्याने विचारलं.

मी श्वास घ्यायला तोंड वर काढलं. "दिसता," म्हटलं आणि पुन्हा पाण्यात घातलं. खोटं कशाला बोलू, दिराची काळजी तेवढा वेळ मी विसरले होते.

दोरीला हिसका बसला. आम्ही ओढून घेतलं. तो होडीच्या कडेला लटकला, नळी थुंकली, खोकला, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं:

"वयनी, इल्यो होत्यो?"

"इल्यो होत्यो."

"किती? कश्यो होत्यो?"

आणि मी सांगितलं. होडी काठाकडे वळेपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं: परांची काळी टोकं, उघडा डोळा, खांद्याजवळून गेली ती. तो मान हलवत होता, पाठ करत होता. तो शाळेत असताना मी त्याला पाढे म्हणून दाखवायची तसंच. होडीवाला वल्हवता वल्हवता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सांगा, सांगा. डोळे तुमचे, गजाली ह्येची. बरा चललाहा."

माझ्या कानशिलांना आग लागली. पण मी गप्प झाले नाही. अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. ते मला अजून आठवतं.

किनाऱ्यावर त्याला सगळ्यांनी वेढलं. तो ओला, नळकांडं पाठीवर. आणि तो बोलू लागला. माझेच शब्द, माझ्याच क्रमाने. परांची काळी टोकं, शाईत बुडवल्यासारखी. उघडा डोळा. यजमानांचे डोळे पाणावले. मुलीचे वडील म्हणाले, "वा! शाबास!" मामासुद्धा उठून उभा राहिला. मी दूर सरकून पदर पिळत राहिले.

तेवढ्यात मुलगी पुढे झाली. मामीने तिचा पदर ओढला, तरी झाली. थेट त्याला विचारलं,

"तुम्ही हात लावलात का एखादीला?"

हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

"लावलो ना," तो म्हणाला. आणि मग पाहुण्यांसमोर म्हणून शुद्ध बोलला, "लावला की. एकीच्या पाठीवरून हात फिरवला."

"कशी लागते पाठ?"

"मऊ," तो म्हणाला. "एकदम रेशमासारखी."

पुरुष वा वा म्हणाले. बायकांतून एकही आवाज आला नाही. कारण मोरी साफ करतात बायका. उकळतं पाणी ओतून, वाळू लावून, कातडं खरवडून काढावं लागतं. नाही तर जीभ सोलते. सुतार लाकूड घासतो तो खरकागद मोरीच्या कातड्यापुढे मऊ. आमच्या घरातल्या पुरुषांनी मोरी बघितली ती ताटातच, कातडं निघाल्यावर. सोळा वर्षांची पोरसुद्धा तिथे उभी असती तर तिला कळलं असतं. मामीने पदर तोंडाला लावला. होडीवाला दोर गुंडाळत होता, तो एकदा मोठ्याने खाकरला.

मुलीने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, हसून नाही. शाळेत बाई एखाद्या मुलीकडे बघते आणि उत्तराची वाट बघते, तसं. मी तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, होणारी जाऊ, घरची कर्ती बाई. मी नजर खाली घेतली आणि निऱ्यांना लागलेली वाळू झटकू लागले. वाळू ओल्या लुगड्याची कधी झटकली जात नाही. तरी मी झटकत राहिले.

ओटीवर सुपारी फुटली. नारळ, साखर, पानं, लग्न पक्कं. यजमानांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा व्हय म्हाराजा. मी वाटीवाटीने साखर वाटली. मुलगी माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात अजून रतांब्यांनी लाल होता. तिने वर बघितलं नाही. संध्याकाळच्या गाडीने ती आणि तिचे वडील वेंगुर्ल्याला गेले.

जेवताना यजमान मजेत होते. ते हात धुवायला गेले तशी मी दिराला म्हटलं, "उद्या सकाळी वेंगुर्ल्याक जा आणि सांग."

"लगीन झाल्यावर सांगतंय, वयनी. आता सगळा बरा झाला ना?"

"तिका कळला आसा."

"कसा कळतला? ती काय पाण्यात होती?"

मी त्याला कातड्याचं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "मगे ती बोलली कित्याक नाय? म्हणजे तिका चलता." आणि पुन्हा जेवू लागला.

भांडी घासताना मला एकच दिसत होतं: ती मुलगी आमच्या स्वयंपाकघरात मोरी साफ करायला बसली आहे, समोर मी नारळ खवते आहे, आणि आम्ही दोघी जन्मभर त्या कातड्याविषयी एक शब्द बोलत नाही. नवरा पंप मारतो म्हणून कुठल्या मुलीचं वाटोळं होत नाही. पण सासरच्या बायकांनी पहिल्याच दिवशी आपल्याला खोट्यात सामील करून घेतलं, हे कुणाच्या पोटात राहायचं?

सकाळी उठून मी राहिलेल्या साली उन्हात पसरल्या, यजमानांना म्हटलं, "मी वेंगुर्ल्याक जावन येतंय, काम आसा," आणि त्यांनी काही विचारायच्या आत बाहेर पडले. पहिली एसटी धरली, कुडाळला गाडी बदलली. हातात काही नेलं नाही. आमसुलं, पोहे काही नेलं असतं तर ते तोंड बंद करायला आणल्यासारखं झालं असतं.

मुलगी अंगणात सडा घालत होती. मला बघून तिने बादली खाली ठेवली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "तो पाणबुडा नाही. पाणबुड्यांना हवा भरून देतो. काल पहिल्यांदा उतरला, तोही डोळे मिटून. जे सांगितलं ते मी बघितलेलं. हात कुणालाच लावला नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मोरी आमच्याकडे मीच साफ करते."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते."

आतून तिच्या वडिलांनी कोण आलंय म्हणून विचारलं. ती बाजूला झाली आणि मला वाट दिली. मी चपला पायरीखाली काढल्या, आत गेले, आणि ते "बसा, बसा" म्हणत असतानाच, उभ्याने, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.